पत्र्यापलीकडचे भाऊ

दहावीच्या गणितातून मला तारलं ते शेजारच्या भाऊंनी, हे आधीच सांगतो. मी परभणीकडचा, नववीत शाळा सुटलेला, नारायणगावच्या टोमॅटो बाजारात कॅरेट उचलणारा. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसलो होतो. पास झालो तरच आडत्याकडे लिहायचं काम मिळणार होतं.

भाऊ पाटबंधारे खात्यात कारकून, एकटेच राहायचे. त्यांच्या न् माझ्या खोलीच्या मधे भिंत म्हणून नुसता पत्रा. मी समीकरणं मोठ्यानं वाचत सोडवायचो. वजाबाकी करताना खालच्या ओळीची चिन्हं बदलायची राहिली, की पलीकडून आवाज यायचा, "चिन्हं, राव!" एवढंच. समोर भेटले तर मान खाली घालून निघून जायचे.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मी पार घाबरलो. उद्या जायचंच नाही असं ठरवून, पुस्तक मिटून पडलो. तेवढ्यात भाऊ पहिल्यांदाच दारात आले.

"आज सामसूम का?"

"भाऊ, मला नाय जमत."

"वजाबाकीच नडती ना? मग तिच्या वाटंला जाऊच नको. एका समीकरणातून क्षची किंमत काढ, दुसऱ्यात घाल."

उंबऱ्यावर बसून त्यांनी तसं एक उदाहरण माझ्याकडून करून घेतलं. उत्तर बरोबर आलं. उठताना म्हणाले, "मोठ्यानं वाचत जा. मलाबी बरं वाटतं."

सकाळी मी परीक्षेला गेलो. निकाल लागून पास झालो, तोवर भाऊंची बदली झाली होती. कधीतरी त्यांना हुडकून परभणीला नेणार आहे, आईच्या हातचं पोटभर जेवायला घालणार आहे.