तुम्ही यांना ओळखत असाल

घोडपदेवच्या चाळीत बुधाजी गमरे आणि शेजारचा जनार्दन तांडेल यांच्यात सात वर्षं अबोला होता. कारण एवढंच, की जनार्दनच्या ओल्या चादरीचं पाणी बुधाजींच्या पेपरवर ठिबकलं होतं, तेही अग्रलेखावर. आधी कोण बोलतो यावर इज्जत अडकली होती, आणि बुधाजींनी अबोला नोकरीसारखा सांभाळला. एक खाडा नाही.

मग नात दीपिकाने त्यांना फोनवर सोशल मीडियाचं खातं उघडून दिलं. पहिल्याच सकाळी फोन म्हणाला, 'तुम्ही यांना ओळखत असाल', आणि खाली गॉगल लावलेला जनार्दन.

"याला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही, आजोबा. अख्खी चाळ दोघांच्याही ओळखीची. फोनला वाटतं, तुमची दोघांचीच ओळख राहून गेली."

बुधाजींनी फुलीवर बोट दाबून जनार्दनला हटवलं. चार दिवसांत तो गॉगलसकट परत हजर.

एका रविवारी मधल्या पातळ भिंतीतून जनार्दनच्या सुनेचा आवाज आला, "पप्पा, फोन बुधाजीकाकांना दाखवतोय. अ‍ॅड करू?"

"काढ त्याला."

बुधाजींचा चहा कपातच राहिला. अबोल्यात सगळं बसत होतं, पण काढून टाकणं म्हणजे हद्द झाली. त्यांनी जाऊन दार वाजवलं.

"मला काढलंस?"

"तू काय मला फ्रेम करून लावलायस?"

"मीपण काढतो. पण गुपचूप. तुझ्यासारखं चाळीला ऐकवून नाही."

जनार्दनने सुनेकडे पाहिलं. "गो, चाय टाक. ह्येंका भांडूक वेळ लागतलो."