‘छान’ म्हणायला बंदी

आमच्या ग्रुपवर चित्रं कमी आणि किस्से जास्त जमा झालेत. मोबाईलची मेमरी भरली की मी चित्रं डिलीट करते, पण चॅटला हात लावायची हिंमत होत नाही. काय सांगावं, नेमका चांगला किस्साच उडायचा!

आम्ही चौघं. मी खामगावच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. बुलडाण्याचे वानखडे सर कलाशिक्षक म्हणून रिटायर झाले, पण लाल पेन काही त्यांच्या हातातून सुटला नाही. साखरखेर्ड्याच्या शोभाताई शेती सांभाळून जलरंगात काम करतात. आणि जळगाव जामोदचे प्रल्हादभाऊ, दुकानांच्या पाट्या रंगवणारे. फ्लेक्स आले, पाट्या कमी झाल्या आणि भाऊ कॅनव्हासकडे वळले.

दर रविवारी एकाने चित्र टाकायचं, बाकीच्यांनी खरं मत द्यायचं. ‘छान’, ‘मस्त’, अंगठा, गुलाबाची फुलं, सगळ्याला बंदी! हा नियम अर्थातच सरांचा.

पहिल्याच रविवारी प्रल्हादभाऊंनी सातपुडा टाकला. सरांनी लिहिलं, "डोंगर फार जड झालेत."

भाऊंचं उत्तर लगेच आलं. "सर, डोंगर जडच असतेत. हलका डोंगर तुमी कुठं पाह्यला?"

त्या दिवशी सर पुन्हा ऑनलाइन आले नाहीत.

*

शोभाताईंनी त्यांच्या घरचा बैल रंगवला होता. काय बैल होता! अंगावरची चमक अशी की हात फिरवावासा वाटावा. पण सरांनी झूम करून पाहिलं.

"मागचा डावा पाय चुकलाय. बैल असा उभा राहूच शकत नाही. शरीरशास्त्राचा अभ्यास करा."

मला वाटलं, बाई दुखावल्या. अर्ध्या तासाने त्यांचा व्हिडिओ आला. गोठा, बैल आणि तोच पाय, तसाच वाकडा! मागून ताईंचा आवाज, "वासरू होता तवा पाय मोडला व्हता, सर. तवापासून असाच उभा राहतो. तुम्हीच सांगून बघा त्याला."

स्क्रीनवर ‘सर टाइप करत आहेत’ असं दिसू लागलं. टाइप करत आहेत, थांबले, पुन्हा टाइप करत आहेत. दहा मिनिटांनी एकच ओळ आली.

"पाय बरोबर आहे. क्षमस्व."

*

माझी पाळी आली तेव्हा मी सेल्फ पोर्ट्रेट टाकलं. महिनाभर खपले होते! सेल्फी समोर ठेवून एकेक केस रंगवला होता.

संध्याकाळी शोभाताईंनी विचारलं, "मॅडम, ह्या तुमच्या धाकट्या बहीण का?"

मग सर आले. "रंगसंगती चांगली. पण चेहऱ्यावर एक सुरकुती नाही, सावली नाही. उजेड कोणत्या बाजूने येतोय तेच कळत नाही."

प्रल्हादभाऊंनी खुलासा केला, "मोबाईलमधून येऊन राह्यला सर! मॅडमनं फिल्टर लावेल हाये!"

मी ते चित्र कपाटाच्या वर ठेवलं. नवीन काढलं, आरशात पाहून, सुरकुत्यांसकट. त्यावर कोणी काहीच चूक काढली नाही. आता मला याचं वाईट वाटावं की चांगलं, ते अजून ठरलेलं नाही!

*

पण सरांच्याही हातून एकदा जबरदस्त घोटाळा झाला.

सरांच्या पुतणीसाठी स्थळ आलं होतं. मुलाचा फोटो घरच्या ग्रुपवर पडला. तीन मजली बंगला, पुढे नवीकोरी गाडी आणि गाडीला टेकून मुलगा. त्याच सकाळी आमच्या ग्रुपवर शोभाताईंनी एक चित्र टाकलं होतं. मागे आभाळ, पुढे कडब्याची गंजी. सरांनी चष्मा न लावताच मत लिहिलं आणि पाठवलं नेमकं घरच्या ग्रुपवर!

"पार्श्वभूमी उत्तम. मुख्य विषय मात्र कमजोर आहे."

पंचवीस नातेवाईक! भावाचा फोन आला, वहिनींचा आला, ज्यांनी स्थळ आणलं त्या मावशी तर रडायलाच लागल्या. सर घाम पुसत माफीचा मेसेज लिहीत होते, तेवढ्यात पुतणीचंच उत्तर आलं.

"काका, थँक यू. मला हेच म्हणायचं होतं, पण शब्द सापडत नव्हते."

स्थळ बारगळलं. पुतणी पुढे शिकायला गेली आणि सर तेव्हापासून चष्मा गळ्यात दोरीने अडकवून ठेवतात.

*

मधल्या काळात प्रल्हादभाऊ परदेशी चित्रकारांच्या एका ऑनलाइन ग्रुपमध्ये शिरले. इंग्रजी येत नाही, पण मोबाईल भाषांतर करून देतो! तिथे पोलंडच्या मारेक नावाच्या चित्रकाराने त्यांना विचारलं, "तुमचे इन्फ्लुअन्स कोणते?"

भाऊंनी मला फोन केला. "मॅडम, हे इन्फ्लुअन्स काय भानगड हाये?"

"ज्याचं काम पाहून आपण शिकलो, ज्याची छाप आपल्यावर पडली, तो."

"हाव का! मंग तर सोपं हाये."

शब्द भाऊंना फार आवडला. पुढच्याच महिन्यात शोभाताईंना चिखलीच्या बाजारात एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागे रंगवलेला स्वतःचा बैल दिसला, वाकड्या पायासकट, आणि खाली भाऊंची सही! त्यांनी फोटो टाकला. "भाऊ, हा माझा बैल तुमच्याकडं कसा आला?"

"ताई, चोरी नाही! इन्फ्लुअन्स हाये!"

*

मारेकला मात्र भाऊंनी खरं उत्तर दिलं होतं. "हमीद उस्ताद, खामगाव."

मारेकने इंटरनेटवर खूप शोधलं. सापडणार कुठून! हमीद उस्ताद एकेकाळी टॉकीजचे मोठमोठे बोर्ड रंगवायचे. प्रल्हादभाऊ त्यांच्याच हाताखाली शिकले. आता उस्तादांचा हात थरथरतो. कित्येक वर्षांत त्यांनी ब्रश धरलेला नाही. भाऊंनी त्यांच्या जुन्या कामाचे फोटो पाठवले, तर मारेक हट्टालाच पेटला. त्याला आपलं एक चित्र उस्तादांना दाखवायचं होतं.

उस्ताद तयार होईनात. "हात चालत नाही माझा. मी काय सांगू कोनाले?"

भाऊ म्हणाले, "हात कोनं मांगतला उस्ताद? डोळे तर चालतेत नं!"

एका रविवारी दुपारी उस्तादांच्या अंगणात खाटेवर आम्ही बसलो. भाषांतराला मी. व्हिडिओ कॉल लागला. मारेकच्या खोलीत एका बाईचं मोठं पोर्ट्रेट उभं होतं. त्याची आई. ती गेल्यावर त्याने हे सुरू केलं आणि दोन वर्षं ते अडकून पडलं होतं. काहीतरी चुकत होतं, काय ते कळत नव्हतं.

उस्तादांनी पाहिलं. "त्याले म्हना, मांगं सरक."

मारेक मागे सरकला.

"आनखी."

मी सांगितलं. मारेक म्हणाला, मागे भिंत आली.

"मंग बाहेर जाय म्हना! बोर्ड काय घरात बसून पाह्यतेत का? रस्त्याच्या पल्याड जाऊन पाह्य!"

आणि तो गेला! चित्र खिडकीत ठेवलं आणि घरातल्या सपाता घालून, चक्क बर्फातून, रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिला. फोन खिडकीकडे धरला.

उस्ताद स्क्रीनजवळ वाकले. एका हाताने दुसरा हात घट्ट धरून ठेवला होता.

"डोळे बराबर. नाक बराबर. पन बेटा, तोंड काऊन बंद केलं? ही बाई तर बोलनारी दिसते."

मी जमेल तसं इंग्रजी केलं. स्क्रीनवरची खिडकी हलायला लागली. मग मारेक बोलू लागला, भराभर, न थांबता, पण सगळं त्याच्या भाषेत.

प्रल्हादभाऊंनी मला कोपराने ढोसलं. "काय म्हन्ते?"

"माहीत नाही भाऊ. हे इंग्रजी नाही."

उस्तादांनी हात वर करून आम्हाला गप्प केलं.

"थांबा बे. मले समजून राह्यलं."