एकाच गाडीतून पाहिलेली सभा

माझे वडील आणि थोरले चुलते एकाच बैलगाडीतून चाकणला सभेला गेले, एकाच घोंगडीवर बसले आणि एकमतानं घरी आले. सभा बरी झाली, पण भाषणं फार लांबली. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. वडिलांना तो आत्ताच हवा होता, चुलत्यांना वाटे सरकार बघून घेईल. त्यावरून भांडण मात्र कधी झालं नव्हतं.

ते लावलं दुसऱ्या दिवशीच्या पेपरांनी. पुण्याच्या एस.टी.तून आमच्या वस्तीवर दोन पेपर येत, प्रत्येकाचा आपापला. दोघांनाही अक्षरओळख नव्हती, त्यामुळे आमच्या ओसरीवर एक आणि शेजारी चुलत्यांच्या ओसरीवर दुसरा, असे दोन्ही मीच वाचून दाखवी. चौथी पास होते, माझा तोरा विचारू नका. वडिलांच्या पेपरात जनसागर उसळला होता. चुलत्यांच्या पेपरात मूठभर रिकामटेकडे जमले होते.

विहिरीवर गाठ पडली तेव्हा वडील म्हणाले, "लई माणूस व्हतं. छापून आलंय."

"कुठलं आलंय? माझ्यातबी छापूनच आलंय," चुलते म्हणाले.

जणू दोघांपैकी कोणी सभेला गेलंच नव्हतं. शब्दानं शब्द वाढला आणि दोघांनी अबोला धरला. आमची मोट चार बैलांची; एक जोडी यांची, एक त्यांची. जोड्या आपापल्या गोठ्यात रवंथ करत राहिल्या आणि रानात पाण्यावाचून कांद्याची पात पिवळी पडू लागली. दोघेही माझे फार लाडके, पण तेव्हा मला त्यांचा भारी राग आला.

एका संध्याकाळी चुलते मला पेपर वाचायला न्यायला अंगणात आले. आई दारात आली. थोरल्या दिरांशी थेट बोलायची रीत नव्हती, म्हणून पदर पुढे ओढून तिनं मला मध्ये घातलं.

"इचार गं त्यास्नी, सभेला गाडी कुठं सोडली व्हती?"

"वढ्यापल्याड," चुलते म्हणाले. मग जरा थांबून, "अलीकडं जागाच न्हवती."

ओसरीवर बसलेले वडील मिशीत हसले.

"आता तुझ्या बापास्नी इचार, सभा संपस्तवर किती जण बसलं व्हतं?"

वडील खाली बघत म्हणाले, "निम्मी उठून बाजारात गेली व्हती. आमी दोघंबी. गूळ घ्याया."

"गूळ चांगला निघाला पर," चुलते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चारही बैल मोटेला लागले. संध्याकाळी चुलत्यांनी आपला पेपर आणून माझ्या हातात दिला. "ह्यो त्याला वाच. त्याचा मला."

वडिलांनी तो सगळा ऐकला. मधूनमधून "खोटं हाय" म्हणाले, पण उठून गेले नाहीत.