नोराच्या गाढवाचं पुढं काय झालं

माजलगावात आमचं रद्दीचं दुकान आहे. रद्दी साचली की टेम्पो बोलवायचा, वजन करायचं, मोकळं व्हायचं. किश्श्यांना टेम्पो नाही! दुपारी दुकानात बसणाऱ्या आम्हा चौघांचे एवढे साचलेत की सून म्हणाली, "आई, एकदा लिहून काढा. मग तेच तेच सांगणार न्हाईत." लिहिते. पण सांगायचं सोडणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

चौघं म्हणजे मी, माझी सून मनीषा, शेजारचे टेलर युसूफभाई आणि माझी मैत्रीण राधा. राधाचं माहेर कुंभाराचं. गाढवावर माती लादून आणण्यात तिचं बालपण गेलं. गठ्ठ्यांवर टीव्ही ठेवलाय. त्यावर इंग्रजी सिनेमे आणि सिरियली लावायच्या, आणि त्यात जुनी विलायती कॉमिक्स कुठं दिसतात ते हुडकायचं, हा आमचा दुपारचा उद्योग. लोक हसतात. हसू देत.

*

हे खूळ कुठून आलं ते सांगते.

मी शाळेची पायरी चढले नाही. नवी नवरी होते तेव्हाची गोष्ट. आमच्या भागातल्या एका दवाखान्यात विलायती सिस्टर होत्या. त्यांची भाची तिकडून पोस्टानं मुलांची कॉमिक्स पाठवायची, दर आठवड्याचा एक अंक. सिस्टर मायदेशी निघाल्या तेव्हा ते सगळे गठ्ठे आमच्या दुकानात ठेवून गेल्या. पैसे घेतले नाहीत. माझ्याकडं बघून मोडक्या मराठीत एवढंच म्हणाल्या, "तू वाच."

मला तर मराठीसुद्धा वाचता येत नव्हतं!

दुपारी सासूबाई आणि मी खळ लावून किराणा दुकानांसाठी पुड्या करायचो. सासूबाईंचा नियम, रंगीत कागद आधी, कारण गिऱ्हाइकाला रंगीत पुडी आवडते. मी वरचा गठ्ठा ओढला आणि कात्री चालवली.

पुढं वर्तमानपत्रांवरून मी अक्षरं शिकले. रद्दीतच एक पुठ्ठा गेलेली डिक्शनरी मिळाली, तिच्यावरून इंग्रजी. मग उरलेली कॉमिक्स उघडली. त्यात एक गोष्ट होती, दर अंकात दोन पानं. नोरा नावाची पोरकी पोरगी आणि तिचं म्हातारं गाढव. शेवटी काका गाढव बाजारात नेतो. दावं गिऱ्हाइकाच्या हातात जातं, नोरा टेकडीवरून धावत येते, आणि खाली छापलेलं, 'शेवट पुढच्या आठवड्यात.'

पुढचा आठवडा मीच कातरला होता. त्यातून अख्ख्या माजलगावानं शेंगदाणे नेले!

*

ही गोष्ट मी राधाला वाचून दाखवली. तिला अक्षर येत नाही, पण चित्र असं बघते की काढणाऱ्याला घाम फुटावा. पहिलंच चित्र बघून म्हणाली, "हे ओझं कुन्या शान्यानं बांधलंय? दोन कोस गेलं की पाठ सोलून निघंल त्याची."

गोष्ट संपली. राधा म्हणाली, "आन पुढं?"

"पुढचं न्हाई."

"न्हाई म्हंजी?"

"मी पुड्या केल्या."

ती उठूनच गेली. चार दिवस फिरकली नाही. पाचव्या दिवशी आली ती दारातूनच म्हणाली, "आमच्या बानं माझं गाढव जत्रंत इकलं, तवा मला घरात कोंडलं हुतं. त्याचं काय झालं ते कळलं न्हाई. आन ह्याचं तू पुडीत घातलंस!"

मी कुणाचं ऐकून घेणारी बाई नाही. त्या दिवशी ऐकून घेतलं.

तेव्हापासून राधानं माझ्या दुकानात पुडीतला शेंगदाणा तोंडात घातला नाही. खाऱ्या शेंगदाण्यावर जीव टाकणारी बाई! मनीषानं मोबाइलवर हुडकलं, तर त्या हरवलेल्या अंकाचं मुखपृष्ठ मिळालं, पिवळ्या छत्रीचं. आतलं पान कुठंच नाही. राहता राहिले सिनेमे, त्यात कुणाच्या तरी हातात ते पान दिसेल म्हणून.

*

पहिलं कॉमिक मला दिसलं ते एका रडक्या सिनेमात. हीरो दवाखान्यात शेवटचे श्वास मोजतोय, हिरॉइन हात धरून बसलीय, मनीषाच्या डोळ्याला पदर.

मी ओरडले, "थांबव! थांबव ते!"

"आई, तो मरतोय!"

"मरू दे! त्याच्या उशाशी काय ठेवलंय ते बघ आधी!"

होतं की! आमचंच, पण दुसऱ्याच आठवड्याचं. मनीषानं सिनेमा पुढं चालू केला तोवर तिचं रडू पार आटलं होतं. त्याबद्दल तिनं मला अजून माफ केलेलं नाही.

*

एका सिनेमात लढाईच्या काळातलं घर होतं. पोरगी दुकानातून ताजं कॉमिक घेऊन धावत येते. सगळं बरोबर, फ्रॉक बरोबर, वेण्या बरोबर. युसूफभाईंनी तर फ्रॉकची शिलाईसुद्धा पास केली.

मी म्हटलं, "खोटं हाय."

"कावून अक्का? अंक तर असली दिसतो."

"असली हाय म्हणूनच खोटं! कागद बघा, पार पिवळा पडलाय. आत्ता दुकानातून आणला ना तिनं? मग पांढरा पाहिजे. पोरगी आठ वर्साची आन कागद माझ्या वयाचा!"

युसूफभाईंनी कपाळाला हात लावला. "या अल्ला! एवढा खर्च केला त्या लोकांनी, आन माजलगावच्या रद्दीवालीनं पकडलं!"

जन्मभर कागद चाचपण्यात गेलाय. सिनेमावाल्यांच्या हातून चूक होईल, माझ्या डोळ्यांकडून नाही.

*

एका सिरियलीत एका बाईचा खून होतो. तिच्या दारावर घराचा नंबर, ठळक बारा. शेजारचा मामा शपथेवर सांगतो, मी त्या घरात पाऊलही टाकलं नाही. हवालदार मान डोलावतो.

इकडं त्याची भाची पलंगावर पडून कॉमिक वाचतेय. आता आमच्या सगळ्या अंकांवर वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं एकच नंबर आहे. पेपर टाकणारा पोरगा चुकू नये म्हणून तिकडचा दुकानदार त्यावर घराचा नंबर टाकत असणार, हे मी कधीच ओळखलं होतं. भाचीच्या अंकावर होतं बारा.

"मामा!" मी म्हटलं. "मामानं मारलं. येताना भाचीसाठी कॉमिक उचलून आणलं."

मनीषानं रिमोट आपटला. "सात भागांची सिरियल हाय, आई! दुसऱ्यातच संपवली तुमी!"

सातव्या भागात पोलिसांनी मामाला धरलं. लईच हळू काम बाई त्यांचं.

*

एक शिकलेले साहेब रद्दी घालायला आले. टीव्ही थांबवलेला, मी पडद्याला नाक लावलेलं. म्हणाले, "आजी, ह्या वयात कार्टून?"

"तुमच्या वयात मी ह्याच्या पुड्या करत होते," मी म्हटलं. "आता वाचते. मी सुधारले. तुमचं काय?"

*

पण राग सोडा, माझ्या मनात उपकाराचंच जास्त आहे. सिस्टर "तू वाच" म्हणाल्या, ते मी उशिरा का होईना ऐकलं. आणि सिनेमात खोली मांडणारी ती कोण माणसं असतील? टेबल ठेवतात, पलंग ठेवतात आणि जाता जाता एक जुना अंक टाकून देतात. त्यांना काय ठाऊक, इकडं बीड जिल्ह्यात चार माणसं त्याच्यासाठी जीव डोळ्यात आणून बसलीत! ती भेटली तर एकेकाची दृष्ट काढीन.

*

आता गेल्या महिन्यातलं.

राधाच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन आठ दिवस झाले होते. काळा चष्मा लावून गठ्ठ्याला टेकून बसलेली. सिनेमात एका दातांच्या डॉक्टरकडं लोक खोळंबलेत, आणि एक जाडा पोरगा कॉमिक वाचतोय.

युसूफभाई किंचाळले, "रोको! मनीषा बेटा, रोको!"

पिवळी छत्री! आमचा पुढचा आठवडा!

मनीषानं रिमोट हातात घेतला. एकेक चित्र पुढं सरकवत गेली. पोरग्यानं पान उलटलं. नोरा! घराच्या फाटकाशी दगडावर बसलेली, आणि तिच्या शेजारी...

त्या पोरग्याचा अंगठा.

"काढ की रे मुडद्या!" मी पडद्यावर ओरडले. मनीषानं पुढं नेलं, मागं नेलं. अंगठा काही हलेना. पुढच्या क्षणी डॉक्टरनं त्याला आत बोलावलं आणि अंक बंद.

परत मागं आणलं. अंगठ्याच्या वर दोन टोकं दिसत होती, बारकी.

"गवत असंल," मनीषा म्हणाली.

"कैची है," युसूफभाई म्हणाले.

पुड्या करणारीनं काय बोलावं?

राधा उठली. चष्मा काढून माझ्या हातात दिला.

"अगं, डॉक्टरनं नको म्हटलंय!"

"गप बस तू."

पडद्याच्या अगदी जवळ गेली. बघत राहिली. बाहेर उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून गेला, तो पार चौकात पोचेपर्यंत बघत होती.

"कान हायेत," ती म्हणाली.

"कशावरून?"

"इकलेलं गाढव दोन्ही कान पाडून उभं ऱ्हातं. हे बघ. एक कान रस्त्याकडं, आन एक त्या पोरीकडं वळलेला."

तिनं चष्मा मागून घेतला, डोळ्यावर चढवला, गठ्ठ्याला टेकून बसली. आम्ही तिघं तिच्याकडं बघत उभे.

"आ करून काय बघता?" राधा म्हणाली. "घरात खारे शेंगदाणे हायेत का न्हाई? पुडी सोड एक."