न्हाणीतलं रक्त

पन्नास सालानंतरची ती वर्षं. माझी बायको लग्न होऊन बारामतीहून निमगावला आली, ती ट्रंकेत दात घासायचा ब्रश घेऊन. तिचे वडील दवाखान्यात कंपाउंडर. जेवण झालं की ती शिवणाचा दोरा दातांच्या फटींतून फिरवायची. आम्ही राखेनं नाहीतर बाभळीच्या काडीनं दात घासणारे. मला ते नखरे वाटले.

"ह्ये केस डुकराचं असत्यात म्हणं," मी म्हणालो. तिनं ब्रश ठेवून दिला. दोराही.

काही महिन्यांनी तिनं माझ्या नकळत ब्रश पुन्हा काढला. मला कळलं ते एवढंच, की न्हाणीच्या दगडावर लाल थुंकी पडली होती. दुसऱ्या दिवशीही तेच. क्षयानं गेलेली माणसं मी पाहिली होती. मी तिच्यावर नजर ठेवू लागलो. थंडीत ती एकदा खोकली आणि माझं ठरूनच गेलं, की सासऱ्यांनी दुखणं लपवून मुलगी गळ्यात मारली. दवाखान्यातला माणूस, त्याला ठाऊक नसेल?

मी आईला तिचं ताट वेगळं करायला सांगितलं.

"आदी तिला इचार तरी," आई म्हणाली.

"इचारून खरं सांगंल व्हय ती?"

आईनं ताट बाजूला मांडलं. बायकोला दिसले ते आईचे हात.

मग माहेरी भेटून येऊ म्हणून तिला बारामतीला नेलं. क्षय निघाला तर तिला तिथंच ठेवून यायचं, हे मनात धरून. तिथं दवाखान्यात डॉक्टरांनी छाती तपासली, तोंड उघडायला लावलं.

"छाती साफ आहे. हिरड्या सुजल्यात. दात घासणं मधे सोडलं होतंस का, पोरी?"

"राखेनं घासत होते. ब्रश आणि दोरा बंद होता."

"आता रोज ब्रश कर, हलक्या हातानं. दोराही फिरव. रक्त थांबेल."

परतताना एष्टीत तिनं विचारलं, "माझं ताट वेगळं करायला कुणी सांगितलं?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. "आईनं."

रक्त थोड्याच दिवसांत थांबलं. आईशी मात्र ती पुढं कायम कामापुरतंच बोलली. आईला कारण कळलं होतं. तिनं मला कधी खोटं पाडलं नाही. तशीच गेली.

आज सकाळी मी बायकोला खरं काय ते सांगितलं. तिनं एवढंच विचारलं,

"आत्याबाईंना ठाऊक होतं, तुम्ही त्यांचं नाव घेतलंत ते?"

"व्हय."

ती उठून आत गेली. अजून बाहेर आलेली नाही.