डाग नसलेलं पुस्तक

अकरा वर्षं ही गोष्ट मी तोंडातून बाहेर पडू दिलेली नाही. बायकोला सांगितली नाही, मुलीला नाही, आणि जळगावच्या पिंप्राळ्यात रोज सकाळी ज्यांच्याबरोबर फिरायला जातो त्यांना तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. अनोळखी माणसापुढे खरं बोलणं सोपं जातं म्हणतात. बघू या, जातं का.

परवा काय झालं ते आधी सांगतो. आमच्याकडे जळगाव-धुळ्याच्या जुन्या गाडीवाल्यांचा एक ग्रुप आहे मोबाइलवर. एका नवख्याने विचारलं — सर, जुनी गाडी घेतलीय, कोणती पुस्तकं घेऊ? सर म्हणजे मी. हा प्रश्न आला की सगळे माझ्याकडे बोट दाखवतात. मीही मग तेच उत्तर लिहितो, पाठच आहे. कंपनीचं दुरुस्तीचं मॅन्युअल घे. सुट्या भागांची यादी घे, तिच्यात एकेक नट कुठे बसतो त्याची चित्रं असतात. मालकाला गाडीबरोबर मिळायचं ते छोटं पुस्तक मिळालं तर सोडू नकोस. गुळगुळीत कागदाची रंगीत पुस्तकं कोणी भेट दिली तर टीपॉयवर ठेव, त्यांच्यावरून साधा पट्टाही बदलता येत नाही. आणि सगळ्यात आधी, बाबा, पहिलं पान वाच! पुस्तक कोणत्या चासी नंबरपासूनच्या गाड्यांचं आहे ते तिथेच छापलेलं असतं.

पंधरा-वीस अंगठे आले. 'याला म्हणतात अनुभव', एकाने लिहिलं. आणि त्याच्या खाली दुसऱ्याने — 'नाहीतर धुळ्याच्या नानासारखं व्हायचं, पाना फिरवला आणि इंजिनाचा ब्लॉकच फोडला.' खाली हसणारे चेहरे.

मी काय केलं असेन? मी त्यालाही अंगठा दिला.

आता तुम्ही विचाराल, नाना कोण. धुळ्याहून सोनगीरकडे निघालं की हायवेच्या कडेला पत्र्याचं एक गॅरेज होतं. 'होतं' म्हणतोय. तिथे नाना बसायचे. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे, हडकुळे, कानावर पेन्सिल. कुठल्याही जुन्या इंजिनाचा आवाज ऐकून ते आधी तंबाखू मळायचे आणि मग नेमकं बोट ठेवायचे. चाळीसगावपासून शिरपूरपर्यंत ज्याच्या घरी आजोबांची गाडी झाकून ठेवलेली असेल, तो शेवटी नानांकडे यायचा. नानांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. पण पुस्तकाबद्दल त्यांना जी कदर होती ती मी माझ्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये कधी पाहिली नाही. त्यांच्या घरात देव्हारा नाही, पुस्तकांचं कपाट आहे. दर पौर्णिमेला विहारात जाऊन तिथल्या वाचनालयाची पुस्तकं पुसायचे, त्यांना कव्हरं घालायचे. मुलगी सुजाता पुढे शिक्षिका झाली, इंग्रजीची. नानांना त्याचा केवढा अभिमान!

आणि मी? मीही इंग्रजीचाच. तीस वर्षं शिकवलं. हे लक्षात ठेवा, कारण ज्या माणसाला पहिलं पान वाचता येत होतं तो मी होतो.

निवृत्त झालो आणि चाळीसगावच्या एका बंद जिनिंगच्या शेडमधून मी एक विलायती गाडी आणली. कापसाच्या धुळीत पांढरी पडलेली. नानांनी ती सहा महिन्यांत उभी केली. इंजिन उघडलं, तेव्हा ते म्हणाले की या गाडीचं पुस्तक मिळालं तर बरं, अंदाजाने काम नको. पुस्तक मागणारे ते होते. मला तर वाटत होतं, कशाला हवंय.

जुन्या पुस्तकांच्या एका विक्रेत्याकडे दोन मॅन्युअल होती. त्याने मोबाइलवर फोटो पाठवले. एकाचं कव्हर गेलेलं, पानापानावर ग्रीसचे अंगठे, कोपरे कुरतडलेले. दुसरं कापडी बांधणीचं, सोनेरी अक्षरांचं, कोणी कधी उघडलंच नसावं असं. नानांनी हात फडक्याला पुसले आणि मळक्या पुस्तकाच्या फोटोवर बोट ठेवलं.

"सर, हाई मळेल पुस्तक ल्या. येन्हावर काम व्हयेल शे."

मळलंय म्हणजे त्याच्यावर कोणीतरी काम केलंय, एवढंच त्यांचं म्हणणं. मी हसलो. हो, हसलो! मनात म्हटलं, याला काय कळतंय पुस्तकातलं. मला ते सोनेरी अक्षरांचं हवं होतं. का? खरं सांगू? कपाटात बरं दिसलं असतं म्हणून. आल्यागेल्याने विचारलं असतं, सर हे काय, आणि मी ते उघडून दाखवलं असतं. एवढंच कारण. यापेक्षा मोठं कारण असतं तर मला आज स्वतःचा एवढा संताप आला नसता.

पुस्तक आलं. आम्ही इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, बसवायला घेतलं. हेडचे नट किती आवळायचे याचा एक ठरलेला आकडा असतो. कमी आवळले तर गळतं, जास्त आवळले तर खालचा ओतीव लोखंडाचा ब्लॉक धोक्यात. नाना हे काम आयुष्यभर हाताने करत आले होते. पण पुस्तक आलंय म्हटल्यावर त्यांनीच काट्याचा पाना कुठूनतरी मागून आणला, ज्याच्यावर किती जोर पडतोय ते दिसतं. नाना आवळणार, मी वाचणार, काटा मी बघणार. एका स्टुलावर मी सोनेरी पुस्तक मांडीत घेऊन बसलो. काय तो माझा रुबाब!

आकडा होता पंचावन्न. मी तो मोठ्याने वाचला, आधी इंग्रजीत, मग मराठीत.

नानांनी पाना ओढला आणि मध्येच थांबले. "सर, आते बस. मना हात नही म्हनस."

त्यांचा हात नको म्हणत होता. मी म्हणालो, नाना, अजून पाहिजे.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पुस्तकमा लिखेल शे का?"

लिहिलेलं आहे, मी म्हणालो. पुस्तकात लिहिलेलं आहे म्हटल्यावर त्या माणसाने चाळीस वर्षांचा स्वतःचा हात बाजूला ठेवला आणि ओढला. पहिला नट, दुसरा, तिसरा. चौथ्याला 'कट्' असा आवाज आला. फार मोठा नाही. सुपारी फोडल्यासारखा. ब्लॉकला केसाएवढी चीर गेली होती, एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत. नाना कितीतरी वेळ तिच्यावर अंगठा फिरवत राहिले.

इथपर्यंत चूकच होती, नाही का? चुका सगळ्यांच्या होतात. मीही अकरा वर्षं स्वतःला असंच समजावत आलोय. पण थांबा.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मी ते पुस्तक पहिल्यापासून उघडलं. पहिल्याच पानावर, चौकटीत, ठळक अक्षरांत छापलं होतं — हे पुस्तक अमुक चासी नंबरपासून पुढच्या गाड्यांसाठी आहे. त्याआधीच्या गाड्यांचे स्टड, म्हणजे नट बसतात ते दांडे, बारीक आहेत, त्यांच्या हेडचे नट बेचाळीसच्या पुढे आवळू नयेत. माझ्या गाडीचा नंबर त्याआधीचा होता. विक्रेत्याचे फोटो पुन्हा पाहिले. मळकं पुस्तक आमचं होतं. सोनेरी दुसऱ्यांचं.

मी ते पान फाडलं. पट्टी धरून नीट फाडलं, परीक्षेचे पेपर फाडतात तसं.

चार दिवसांनी नाना जळगावला आले. एस.टी.ने, इस्त्रीचा सदरा घालून. माझ्या बैठकीत सोफ्यावर बसले नाहीत, खुर्चीच्या कडेवर टेकले. आणि मला — मला! — हात जोडून म्हणाले, "सर, मना हात गया. तुमनी गाडीनं वाटोळं करी टाकं मी."

पान तेव्हा आतल्या खोलीत कपाटात होतं. बारा पावलांवर.

मी उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, जाऊ द्या नाना, वय झालं की होतं असं. मी त्यांना माफ केलं! लाज कशी वाटली नाही मला? बायकोने आतून ऐकलं आणि नंतर म्हणाली, तुमचं मन मोठं आहे. मी तेही ऐकून घेतलं.

पुढचं तुमच्या ध्यानात आलंच असेल. 'नानांचं आता वय झालंय हो' हे वाक्य मीच पहिल्यांदा बाहेर बोललो, एका लग्नाच्या पंगतीत, फार सहानुभूतीने. मग ते फिरलं. गाड्या यायच्या थांबल्या. पण गाड्यांचं एक वेळ सोडा, नानांचाच स्वतःच्या हातावरचा भरवसा उडाला. साधा प्लग काढायचा तरी म्हणायचे, दुसऱ्याकडून करून घ्या. दोन वर्षं भंगारवाल्यांकडे हिंडून त्यांनी माझ्या गाडीसाठी दुसरा ब्लॉक मात्र शोधून आणला. बसवला नाही. हात लावणार नाही म्हणाले. तो मी दुसऱ्याकडून बसवून घेतला, आणि त्या गाडीत बसून मी मिरवणुकीत फिरतो, हार घालून घेतो. आणि ग्रुपवरची जी पोरं नानांना हसतात त्यांच्यातल्या एकालाही कार्बुरेटर उघडता येत नाही. त्यांच्यावर चिडायचा मला काय अधिकार आहे? त्यांना हसायला मीच शिकवलं.

गेल्या आठवड्यात सुजाताचा फोन आला. नानांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, घरीच असतात, आणि एकच धोशा लावलाय त्यांनी. "सर, ते पुस्तक थोडे दिवस द्याल का?" ती म्हणाली. "मी पहिल्यापासून वाचून दाखवीन त्यांना. नानांना बघायचंय, आपलं नेमकं कुठे चुकलं."

पहिल्यापासून.

मी म्हणालो, शोधतो, कुठे ठेवलंय आठवत नाही. पुस्तक माझ्यासमोर होतं. अकरा वर्षांनी, सत्तरी ओलांडल्यावर, मी पुन्हा खोटं बोललो, आणि तेही किती सहज.

काल ते पान जागेवर चिकटवलं. फाटलेली कड दिसते, पट्टीने फाडलेली सरळ कड. ती बघून कोणालाही कळेल की पान आपोआप निघालेलं नाही. कळू दे. सुजाताला फोन करून सांगितलंय, पुस्तक सापडलं, रविवारी घेऊन येतो. ती वाचेल तेव्हा मी समोर बसणार आहे. नाना मला काय म्हणतील, म्हणतील की नाही, ते त्यांनी ठरवावं.

एक गोष्ट त्या पानावर नाही. ती सुजाताला वाचून कळणार नाही, ती मलाच तोंडाने सांगावी लागेल. पहिल्या नटाला नाना 'आते बस' म्हणून थांबले, तेव्हा काटा मी बघत होतो. तो बेचाळीसवर होता.