मालकांनी कप उचलायचे

"मालकीणबाई, कप उचला."

मॅनेजर पाहुण्यांसमोर म्हणाला. सगळे हसले. माझ्या अंगात साडीवरून चढवलेला टी-शर्ट होता. त्यावर छापलेलं, 'मी मालक'.

मी कप उचलले.

पेणजवळचा गणपतीचा कारखाना. मी मूर्तींचे डोळे आखते. कारखाना बुडायला आला तेव्हा मुंबईची माणसं आली. थोडी देणगी, थोडं बँकेचं कर्ज, थोडी गुंतवणूक, असा पैसा एकत्र करून आणला. गरिबी हटवायची तर कामगारालाच मालक करायचं, म्हणाले. आमच्या पगारातून दरमहा पाचशे कापले. त्याचे शेअर दिले.

मी शेअर म्हणजे होडीतला वाटा समजले. चूक तिथंच झाली. माझा बाप खाडीत मासे मारायचा. जाळं फाटलं की तांडेलापासून खलाशापर्यंत सगळ्यांची चूल गार. तांडेल आपला वाटा आधी काढून ठेवत नसे.

त्या दिवशी सभा होती. मुंबईचे पाहुणे खुर्च्यांवर, आम्ही मालक सतरंजीवर. ठराव असा: यंदा तोटा आहे. गुंतवणूकदारांचे हप्ते आधी द्यायचे. म्हणून गणपतीनंतर दोन महिने कामगारांना पगार नाही.

नवऱ्याची रोह्याच्या कंपनीतली नोकरी सुटलेली. घरात माझा एकच पगार.

मी उभी राहिले. "तोट्यात पयला कोणाचा पैसा जातो?"

"मालकाचा," मॅनेजर म्हणाला. "जोखीम मालकच घेतो ना, मालकीणबाई?"

पुन्हा हसले. पाहुणेही.

शेजारच्या सुमनने पदर ओढला. "बस गो खाली. हाय ता पन जाईल."

हात वर झाले. सुमनचाही झाला. तिला दोष देत नाही, तिच्या घरी म्हातारी अंथरुणावर आहे. माझ्या बोटांना डोळ्यांचा काळा रंग लागलेला. ती बोटं मी मांडीवर दाबून धरली.

"सर्वानुमते मंजूर."

"सर्वानुमते नाय. माझा हात खाली हाय."

"एका हाताने काय होतंय?"

काही झालं नाही. पगार बंद झाला. कागदावर 'सर्वानुमते'च राहिलं. कापलेले पैसे परत मिळतील, असं मला वाटत नाही.

त्या दिवशी सभा संपल्यावर पुन्हा चहा झाला. मी निघताना मॅनेजर ओरडला, "ओ मालकीणबाई, कप राहिले!"

मी टी-शर्ट काढून कपांवर टाकला आणि चालू लागले.

पुढच्या सभेला मी जाणार. बोलावलं नाही तरी जाणार. सतरंजीवर नाही, खुर्चीवर बसणार. कप उचलणार नाही. आणि हात खालीच ठेवणार, सगळ्यांना दिसेल असा.